शोभणारं पिस्तूल आणि हातात बसणारं पिस्तूल

"तुला ना, बेरेटा शोभेल." शूटिंग रेंजवर जायला लागल्यावर पहिल्या तीन महिन्यांत हे वाक्य मला निदान चार वेगवेगळ्या लोकांनी ऐकवलं, आणि मला ते ऐकायला आवडायचं. कुणी दागिना शोभेल म्हणावं तसंच वाटायचं. तोपर्यंत मी रेंजचीच पिस्तुलं वापरत होते, एक आठवडा हे, एक आठवडा ते, जे रिकामं असेल ते. स्वतःचं घ्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं की काय, चार पिस्तुलं मारून बघू, एक घेऊ. लागले सात महिने. परवाना आणि कागदपत्रांचं मी यात लिहीत नाहीये, ते जिथलं तिथे वेगळं असतं, आणि वेळ त्यात गेलाच नाही. वेळ गेला तो माणसांमुळे, आणि माझ्या डोक्यात त्या माणसांबद्दल जे बसलं होतं त्यामुळे.

मला घ्यायचं होतं स्पर्धेसाठी. प्रॅक्टिकल शूटिंग, म्हणजे घड्याळ लावून, हलत, वेगवेगळ्या अंतरावरच्या टार्गेटवर मारायचं असतं ते. काडतूस ९ एमएम हे नक्की होतं कारण गोळ्या सहज मिळतात आणि झटका सोसवतो. राहिलं पिस्तूल. आणि इथे रेंजवरच्या प्रत्येकाला मत होतं, नुसतं मत नाही तर जवळजवळ धर्मच म्हणा.

आमच्या इथे चार गट आहेत, चार पिस्तुलांच्या नावांचे, कुणी पाडलेले नाहीत पण आहेत. चहाला बसतात तेसुद्धा साधारण तसेच. ग्लॉकवाले म्हणजे कमी बोलणारे, पिस्तूल म्हणजे हत्यार आहे त्याला कसलं सौंदर्य, असं म्हणणारे, आणि दुसऱ्याच्या पिस्तुलाकडे बघून नुसतं हसणारे. सीझेडवाले म्हणजे प्रचारक, तुम्ही विचारा न विचारा ते त्यांचं पिस्तूल तुमच्या हातात देणार आणि "एकदा मारून बघ" म्हणणार. बेरेटावाले म्हणजे इतिहास आणि देखणेपणा. आणि नाइन्टीन इलेव्हनवाले, म्हणजे १९११ सालच्या रचनेचं जुनं अमेरिकन पिस्तूल वापरणारे, वयस्कर, हट्टी, पिस्तुलाची खरी अक्कल १९११ सालीच संपली असं मानणारे. हे सगळं मी रेंजवर आल्यावर महिन्याभरात शिकले, नेम धरायला शिकायच्याही आधी. आणि मी स्वतः यातलं काहीच तपासलं नव्हतं, लोक बोलतात ते ऐकलं आणि मनात लिहून ठेवलं.

त्याच्या आधीचा एक टप्पा सांगायलाच हवा कारण तो फक्त बायकांच्या वाट्याला येतो. मी पहिल्यांदा "मला पिस्तूल घ्यायचंय" म्हटलं तेव्हा समोरच्या माणसाने क्षणाचाही विचार न करता पाच गोळ्यांचं, छोट्या नळीचं, अगदी हलकं रिव्हॉल्व्हर माझ्या हातात ठेवलं. बायकांसाठी छान आहे म्हणाला. मी काय मारणार आहे, कुठे मारणार आहे, काही विचारलं नाही. मी ते रेंजवर मारलं आणि दुसऱ्याच सिलिंडरनंतर तळहात झणझणायला लागला. नंतर आमच्या प्रशिक्षकांनी, सरांनी, समजावलं तेव्हा कळलं की यात गूढ काहीच नाही, काडतूस तेच असेल तर हत्यार जितकं हलकं तितकं ते जोरात मागे येणार, आणि नळी छोटी म्हणजे पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतरही कमी, म्हणजे नेमातली छोटीशी चूकसुद्धा टार्गेटवर मोठी होऊन दिसते. म्हणजे नवशिक्या माणसाला जे मारायला सगळ्यात अवघड, तेच बाई म्हणून सगळ्यात आधी पुढे केलं जातं. मला याचा राग अजून आहे. किती जणी त्या पहिल्या अनुभवानंतर परत आल्या नसतील, हा विचार मनातून जात नाही.

तर त्या रागातून मी बेरेटाकडे गेले असं आता वाटतं. कारण बेरेटा ९२ हे भरीव, मोठं, आणि दिसायला खरंच सुंदर पिस्तूल आहे, वरून स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, उघडी असते त्यामुळे नळी दिसते, आणि कंपनीचा इतिहास तर असा की १५२६ साली व्हेनिसला १८५ नळ्या पुरवल्याचा कागद त्यांच्याकडे आहे आणि कंपनी आजही त्याच घराण्याची आहे. अमेरिकन सैन्याने १९८५ मध्ये नाइन्टीन इलेव्हनच्या जागी घेतलं ते हेच. मी हे सगळं वाचून काढलं. दोन महिने मी पिस्तूल मारत कमी होते आणि वाचत जास्त होते. आणि मनातल्या मनात मी बेरेटावाली झालेच होते, चहाला त्यांच्यात बसायचे.

अडचण एवढीच की मला ते नीट मारता येत नव्हतं.

माझा हात लहान आहे. बेरेटाची ग्रिप, म्हणजे मूठ, जाड, कारण आत गोळ्या दोन रांगांत बसतात, आणि पहिली गोळी डबल ॲक्शनवर मारायची म्हणजे हॅमर, ठोका मारणारा घोडा, खाली असतो आणि ट्रिगरच त्याला मागे उचलतो, तो प्रवास लांब आणि ओढायला ५ किलोच्या आसपास. माझ्या बोटाचं फक्त टोक तिथे पोचायचं. मग पूर्ण हात आवळला जायचा आणि पहिली गोळी हमखास खाली डावीकडे. दोष पिस्तुलाचा नाही, माझ्या बोटाच्या लांबीचा आहे, लांब बोटांची माणसं त्याच पिस्तुलाने सुरेख मारताना मी रोज बघते. पण मी ते मान्यच करत नव्हते. म्हणायचे सवय होईल, अजून ड्राय फायर करू, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने सराव, अजून पाचशे गोळ्या मारू. कुणी म्हटलं की दुसरं काही बघ तर मला चक्क अपमान झाल्यासारखं व्हायचं, आणि अजून ते पिस्तूल माझं झालंसुद्धा नव्हतं!

माझ्याबरोबर एक जण यायचा, मी त्याला दादाच म्हणते, पक्का ग्लॉकवाला. तो एक दिवस म्हणाला, तू ग्लॉकचं सतरा नंबर का नाही मारून बघत. मी म्हटलं मला प्लॅस्टिकचं नकोय. हे वाक्य माझं नव्हतंच, बेरेटाच्या टेबलावरून उचललेलं होतं. त्याने शांतपणे सगळं सांगितलं. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये हे पिस्तूल निवडलं तेव्हा गॅस्टन ग्लॉक यांनी त्याआधी एकही पिस्तूल बनवलेलं नव्हतं, म्हणजे ज्या कंपनीचं नाव आज डोळे मिटून घेतात तिला त्या दिवशी पिस्तुलाच्या धंद्यात शून्य नाव होतं, आणि तरी ती जुन्या नावाजलेल्या घराण्यांना मागे टाकून गेली ती चाचणीत. आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेत बोंब झाली होती की हे प्लॅस्टिकचं पिस्तूल एक्सरेमधून निसटेल, ज्यात तथ्य नव्हतं कारण स्लाइड आणि नळी पोलादाचीच आहे. चाळीस वर्षं झाली, तरी "प्लॅस्टिकचं" हा शब्द काही सुटला नाही, आणि तो आता माझ्या तोंडात होता. दादाने एकाच पिस्तुलातून हजारो गोळ्या मारल्यात, त्याची वही आहे, किती मारल्या, कधी स्प्रिंग बदलली, कधी काय अडलं. त्याची निष्ठा मला तोपर्यंत अहंकार वाटायची. वही बघितल्यावर कळलं की बाबा, याने ती कमावलीये. पण एक मात्र खरं की त्याच्या निष्ठेवरून माझ्या हाताचं काहीच सिद्ध होत नव्हतं.

त्या संध्याकाळी बराच वेळ निष्ठेवरच गप्पा झाल्या. सर पण होते. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक, सत्तरी ओलांडलेले, नाइन्टीन इलेव्हनवाले, आणि तेही .४५ च्या जाड काडतुसाचं, दुसरं काही त्यांच्या लेखी नाहीच. त्यांनी स्मिथ अँड वेसनचा किस्सा सांगितला. मार्च २००० मध्ये त्या कंपनीने अमेरिकन सरकारशी करार केला, ट्रिगरला कुलूप द्यायचं वगैरे, आणि तिच्याच पिढ्यान्‌पिढ्यांच्या गिऱ्हाइकांनी बहिष्कार टाकला, विक्री अशी कोसळली की पुढच्याच वर्षी मालकांनी कंपनी विकून टाकली, घेतली होती त्याच्या कितीतरी कमी किमतीला. रिव्हॉल्व्हर तीच होती, एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता. म्हणजे लोक हत्यार विकत घेतात तेव्हा आपण कोण आहोत ते पण विकत घेत असतात, आणि कंपनीने त्याला धक्का लावला की चांगलं हत्यारही नको होतं. सर हे रागाने सांगत नव्हते, नुसतं सांगत होते. आणि मी मात्र स्वतःचाच विचार करत बसले, की मी बेरेटा का धरून बसलेय.

दुसऱ्या आठवड्यात मी एका मैत्रिणीला गाठलं. तिला पिस्तुलांत काडीचा रस नाही म्हणूनच तिला गाठलं. ठरवलं असं की चार पिस्तुलं, चार रविवार, दर रविवारी प्रत्येक पिस्तुलाने मी दहा गोळ्या मारायच्या, १५ मीटरवरून, गोळ्या एकाच पेटीतल्या, आणि कुठलं आधी कुठलं नंतर ते चिठ्ठी काढून, म्हणजे शेवटच्याला दमलेला हात नेहमी मिळायला नको. प्रत्येक कागद मारून झाला की मी न बघता तिच्याकडे द्यायचा, ती मागे एक खूण करणार आणि ठेवून देणार. कुठली खूण कशाची ते फक्त तिच्या वहीत. सोळा कागद झाले की महिनाभर थांबायचं आणि मग मी मोजायचे, कुठलं कशाचं माहीत नसताना.

चार पिस्तुलं म्हणजे ग्लॉक १७, बेरेटा ९२, सीझेड शॅडो २, आणि चौथं नाइन्टीन इलेव्हन. चौथं मी घेणारच नव्हते. आजोबांचं पिस्तूल मला कशाला, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं. पण दादा म्हणाला की तू जर माणसांकडे बघूनच ठरवत होतीस तर ज्या माणसांना तू सगळ्यात आधी बाद केलंस त्यांचंच पिस्तूल यात हवं. ते मला पटलं. मात्र सरांचं .४५ चालणार नव्हतं, त्याचं भोक कागदावर मोठं पडतं, ११ मिलिमीटरच्या वर, लगेच ओळखू आलं असतं. मग कळलं की स्पर्धांना येणाऱ्या एक ताई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या, त्यांच्याकडे ९ एमएममधलं आहे. मी त्यांना वर्षभर बघत होते आणि त्या काय मारतात हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यातल्या नाइन्टीन इलेव्हनवाल्याच्या चित्रात त्या बसतच नव्हत्या. त्यांनी हसत पिस्तूल दिलं आणि म्हणाल्या ग्रिप सेफ्टी, मुठीमागची ती कळ, नीट दाबली जाते का ते आधी बघ, अंगठा वर चढवून धरलास तर तळवा सुटतो. एवढंच. ना इतिहास ना प्रचार.

चार रविवारांचं फार सांगण्यासारखं नाही. मारलं, कागद दिला. एकच गोष्ट सांगते, की मारताना मला जे "छान चाललंय" वाटायचं ते सगळ्यात जास्त बेरेटाला वाटायचं. मनापासून वाटायचं.

मग महिना गेला आणि एका दुपारी ती सोळा कागद घेऊन आली. मी पट्टीने प्रत्येक कागदावरच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं आणि खुणेप्रमाणे सरासरी काढली, जितकी कमी तितकं चांगलं. चौकोन, १३.१ सेंटिमीटर. गोल, १०.८. त्रिकोण, ८.२. फुली, ७.४. तिने वही उघडली. चौकोन बेरेटा. गोल ग्लॉक. त्रिकोण सीझेड. फुली, ताईंचं नाइन्टीन इलेव्हन.

मी परत मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. चौकोनाचे कागद बाजूला काढून बघितले तर चारही कागदांवर खाली डावीकडे एक एकटं भोक, पहिल्या गोळीचं, चारही रविवारी तीच गोष्ट, आणि मी त्या चारही रविवारी घरी जाताना खूश होते. मला तेव्हा रडायला आलं होतं, आणि ते काही सेंटिमीटरसाठी नव्हतं. मी इतके महिने स्वतःच्या हाताचं ऐकत नव्हते याचं वाईट वाटलं.

आता फुली का पुढे, याला कारण आहे आणि ते यंत्राचंच आहे. नाइन्टीन इलेव्हनमध्ये गोळ्या एका रांगेत असतात, त्यामुळे ग्रिप बारीक, माझा लहान हात पूर्ण वळसा घालतो. ट्रिगर सिंगल ॲक्शन, हॅमर आधीच मागे, प्रत्येक गोळीला तोच छोटा प्रवास. बाकीच्यांचा ट्रिगर बिजागरीसारखा फिरतो, याचा सरळ मागे सरकतो, आणि लांब-आखूड ट्रिगर बदलूनही मिळतात, ताईंनी आखूड लावलेला. वजन पोलादाचं, किलोच्या थोडं वर, त्यात ९ एमएमचा झटका विरून जातो. जॉन ब्राउनिंग यांनी हे बनवलं ते घोडेस्वारांच्या हातासाठी, लहान हाताच्या बायकांसाठी नक्कीच नाही, पण आज ते माझ्या हातात बसतं. जे मी म्हातारपणाचं म्हणून सोडून दिलं होतं ते माझ्यासाठी चौघांत सगळ्यात सोपं निघालं.

पण थांबा, फुली आणि त्रिकोणात फरक ८ मिलिमीटरचा. चार-चार कागदांवर तो फरक म्हणजे फरक नाहीच, हे मला कळत होतं. सीझेडवाले लगेच हेच म्हणाले आणि बरोबर म्हणाले. शॅडो २ ची स्लाइड फ्रेमच्या आतल्या बाजूने धावते, १९७५ च्या मूळ सीझेड ७५ पासूनची ती रचना, त्यामुळे नळी हातावर खाली बसते आणि तोंड कमी उसळतं. स्पर्धेत इतके लोक ते घेतात ते उगाच नाही. मग मी दोन्ही पिस्तुलं घेऊन अजून तीन वेळा मारलं, दमल्यावर मारलं, एका हाताने मारलं. शॅडो २ चं वजन १.३ किलोच्या वर आहे, शेवटच्या अर्ध्या तासात माझं मनगट झुकायला लागायचं आणि गोळ्या खाली उतरायच्या. ज्याचं मनगट दणकट त्याने डोळे मिटून सीझेड घ्यावं असं मी आजही सांगेन. आणि दोन टेबलांवर बसून या दोन नावांवरून भांडणाऱ्यांना सरांनी एकदा आठवण करून दिली की २०२१ मध्ये सीझेडनेच कोल्ट, म्हणजे नाइन्टीन इलेव्हन पहिल्यांदा बनवणारी कंपनी, विकत घेतली, आता दोन्ही नावं एकाच घरची आहेत. दोन्ही टेबलं थोडा वेळ गप्प होती.

सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं ते खूश होतील, शेवटी त्यांच्याच गोटात आले ना. ते म्हणाले, "९ एमएममध्ये? मग ते नाइन्टीन इलेव्हन कसलं." मला लागलं ते. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. मग नियम काढून वाचले तेव्हा समजलं की त्यांच्या हट्टाखाली हिशोब आहे. या स्पर्धेत नाइन्टीन इलेव्हनचा वेगळा गट आहे, क्लासिक, आणि त्यात ९ एमएम मायनर, म्हणजे कमी जोराचं, धरतात, .४५ मेजर, म्हणजे जास्त जोराचं. गोळी टार्गेटच्या मधल्या चौकटीत लागली तर दोघांना पाचच गुण, पण बाहेरच्या सी भागात गेली तर मेजरला चार, मायनरला तीन, आणि त्याच्याही बाहेर डी मध्ये दोनाच्या जागी एक. बदल्यात मायनरला मॅगझिनमध्ये दहा गोळ्या चालतात, मेजरला आठच. म्हणजे ते मला सांगत होते की तुझी प्रत्येक चूक महाग पडणार आहे. त्यांनी ते नीट सांगितलं नाही, आणि मी "हट्टी म्हातारा" हा शिक्का मारून पुढचं ऐकलं नाही. नंतर गेले त्यांच्याकडे. त्यांनी मला मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, कसे तपासायचे, एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे रिकामं टरफल ओढून काढणाऱ्या भागाचा, ताण कसा बघायचा हे दोन संध्याकाळी बसून शिकवलं, कारण मूळ रचना .४५ च्या लांब काडतुसासाठी आहे आणि ९ एमएम त्यात भरवताना मॅगझिनचे नखरे होतात.

कंपनी निवडताना मात्र सरांचीच एक गोष्ट उपयोगी पडली. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल सगळ्यात जास्त बनवलं ते रेमिंग्टन रँडने, म्हणजे टाइपरायटरवाल्यांनी, आणि शिवणयंत्रवाल्या सिंगरनेसुद्धा ५०० बनवली होती, जी आज संग्राहकांना जिवापाड हवी असतात. आराखडा कुणाच्या मालकीचा राहिलेला नाही, आजही कितीतरी जण बनवतात. मग मी शिक्का न बघता ग्रिप, ट्रिगरची लांबी, मॅगझिन कुठली चालतात आणि सुटे भाग मिळतात का एवढंच बघितलं आणि एक घेतलं. कुणाचं ते इथे लिहीत नाही.

आता सहावा महिना आहे. दादासारखी मी पण वही ठेवते. पहिल्या ५०० गोळ्यांत सहा वेळा अडकलं, त्यातलं पाच वेळा मॅगझिन नंबर ३ मध्ये. हे लिहितानासुद्धा मनात येतं की अहो ते मॅगझिनचं आहे, पिस्तुलाचं नाही, आणि नवीन होतं, आणि तेल कमी होतं. बेरेटाच्या वेळी पहिल्या गोळीबद्दल मी अशीच बोलायचे, शब्द सुद्धा तेच.

गेल्या रविवारी एक नवीन मुलगी आली, विशीतली. पिस्तुलाकडे बघत म्हणाली, ताई, तुमचं कधी अडकतं का हो? तोंडातून "छे" बाहेर पडतच होतं. मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने सगळं वाचलं, बोट ठेवून ठेवून, मग म्हणाली मी मारून बघू का. मी तिला तिन्ही मॅगझिन दिली, नंबर ३ सकट.